आधी उजेड, मग विमान

सिम्युलेटर गेल्या काही वर्षांत जितके देखणे झाले, तितके त्यांतून काढलेले स्क्रीनशॉट झालेले नाहीत. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरची पहिली आवृत्ती १९८२ साली आयबीएम पीसीसाठी आली, ती ब्रूस आर्टविक यांच्या सबलॉजिक कंपनीने घडवलेली. पडद्यावर मोजून चार रंग, शिकागोच्या मेग्ज फील्डची धावपट्टी म्हणजे काही रेघा, आणि खाली सेस्नाची उपकरणं. त्या चित्राकडून कुणाची फार अपेक्षा नव्हती. ऑगस्ट २०२० मध्ये असोबो स्टुडिओने घडवलेली आवृत्ती आली, आणि दोन पेटाबाइटांहून जास्त माहितीतून उभी केलेली अख्खी पृथ्वी इंटरनेटवरून घरात येऊ लागली. २०२२ मध्ये एक्स-प्लेन १२ ने ढग आणि उजेड नव्याने मांडले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टचीही पुढची आवृत्ती आली. तरीही बहुतेकांचा स्क्रीनशॉटांचा फोल्डर उघडला, तर एकच चित्र पुन्हापुन्हा दिसतं: विमान मधोमध, शेपटीमागून घेतलेलं, डोक्यावर दुपारचं ऊन, खाली कुठलीही असू शकेल अशी जमीन.

याचं कारण ग्राफिक्स कार्डात शोधून सापडत नाही. महागडं कार्ड घेतलं की तेच चित्र जास्त रेखीव होतं, एवढंच. ज्यांचे स्क्रीनशॉट पाहून क्षणभर हा खरा फोटो आहे असं वाटतं, त्यांच्याकडे बरेचदा साधीच यंत्रं असतात. पण दोन गोष्टींकडे त्यांचं लक्ष असतं: त्या जागी, त्या वेळी, त्या हवेत उजेड कसा पडतो, आणि उड्डाणाच्या त्या क्षणी विमान नेमकं कोणत्या अवस्थेत असतं. या पुस्तकाचं सगळं म्हणणं यातच आहे. सिममधलं चित्र आधी खरं वाटलं पाहिजे, देखणेपण त्याच्या मागून येतं. ज्यांना उडण्याची आवड आहे त्यांना या विषयाचा एक अर्धा भाग आधीच येतो, ज्यांना फोटोग्राफीची आहे त्यांना दुसरा. दोघांनीही आपल्याला न येणाऱ्या अर्ध्या भागापासून वाचायला सुरुवात करावी.

सुरुवात उजेडापासून करू. सिममध्ये वेळ बदलायला एक पट्टी सरकवावी लागते, आणि ही सोय इतकी सहज मिळालेली आहे की तिची किंमत लक्षात येत नाही. हवाई छायाचित्रकार ज्या अर्ध्या तासासाठी दिवसभर थांबतो, तो आपल्याला बोटाच्या टोकावर मिळतो. सूर्य क्षितिजापासून साधारण सहा अंशांच्या आत असतो तेव्हाचा उजेड सगळ्यांत मऊ आणि सोनेरी, हे फोटो काढणाऱ्या कुणालाही माहीत असतं. हा काळ किती टिकतो हे मात्र जागेवर ठरतं. दिवस-रात्र समान असतात त्या सुमारास मुंबईत सूर्य तासाला चौदा अंशांच्या वेगाने जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे हे सहा अंश पंचवीस मिनिटांत संपतात. आइसलंडमध्ये रेक्याविकला त्याच दिवशी तो तिरका घसरत जातो आणि तेवढ्याच सहा अंशांना जवळपास पंचावन्न मिनिटं घेतो. म्हणून उत्तरेकडच्या देशांतले स्क्रीनशॉट सहज चांगले येतात आणि आपल्याकडचे येत नाहीत असं वाटतं. आपल्याकडे वेळेची पट्टी तासाने नाही, मिनिटामिनिटाने सरकवावी लागते.

सह्याद्रीचं उदाहरण जरा जवळून बघू, कारण सिमची ताकद आणि मर्यादा दोन्ही तिथे एकाच चौकटीत दिसतात. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. सकाळी सूर्य त्याच्या पाठीमागे असतो, कडा पूर्ण सावलीत, आणि सिममध्ये सावलीतला खडक म्हणजे एक करडा सपाट पट्टा. तीच जागा संध्याकाळी घ्या. सूर्यास्ताच्या तासभर आधी कोकणाच्या बाजूने येणारा उजेड कड्यावर थेट पडतो आणि प्रत्येक घळ, प्रत्येक टप्पा वेगळा उठून दिसतो. डिसेंबरात सूर्य नैर्ऋत्येकडे सरकलेला असतो, त्यामुळे हाच उजेड कड्यावर तिरका येतो आणि सावल्या लांबतात. उठाव हवा असेल तर हिवाळाच निवडावा.

पण त्याच कड्याच्या फार जवळ गेलात तर चित्र फसतं, आणि ते का फसतं हे कळलं की पुढच्या शंभर जागी उपयोग होतो. सिममधली जमीन म्हणजे वरून घेतलेलं उपग्रहचित्र, उंचीच्या आकड्यांच्या जाळ्यावर पसरलेलं. या जाळ्यात एका बिंदूला एकच उंची असते. कोकणकडा तर आतल्या बाजूला वळलेला, माथा पुढे आणि पोट मागे. असा आकार या जाळ्यात बसूच शकत नाही, त्याचा तीव्र उतार होऊन जातो. शिवाय वरून पाहणाऱ्या उपग्रहाला उभ्या भिंतीचा भाग जवळजवळ दिसतच नाही, म्हणून तिच्या वाट्याला आलेले मोजके ठिपके वरपासून खालपर्यंत ओढले जातात आणि खडकावर ओघळ आल्यासारखे दिसतात. उपाय म्हणजे अंतर राखणं. कॅमेरा गडाच्या माथ्याच्या उंचीला, म्हणजे साधारण साडेचार हजार फुटांवर, पण कड्यापासून बराच लांब, कोकणावर तरंगत ठेवावा. विमान मध्ये, कडा मागे. मधली हवा ते ओघळ झाकून टाकते.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या प्रदेशात फार नडते. स्वच्छ उपग्रहचित्र पावसाळ्यात मिळणं कठीण, ढग मध्ये येतात. त्यामुळे सिममधला सह्याद्री बहुतेक ठिकाणी कोरड्या दिवसांतला आहे. हवामानाच्या पानावर जुलैतला पाऊस आणि काळे ढग मागवता येतात, ढग अप्रतिम येतातही, पण खालचा घाटमाथा मार्चमधल्यासारखा तपकिरीच राहतो. ज्याने पावसाळ्यात माळशेजचा रस्ता पाहिला आहे त्याला ही विसंगती एका नजरेत खटकते. अशा वेळी कॅमेरा वर उचलावा, ढगांचा थर जमिनीच्या बहुतेक भागावर येऊ द्यावा, आणि फक्त एक-दोन सुळके त्यातून बाहेर काढावेत. हिरवाईचा प्रश्नच उरत नाही.

सावल्यांचंही तसंच. पृथ्वीची चित्रं घेणारे बरेच उपग्रह स्थानिक वेळेनुसार सकाळी साडेदहाच्या आसपास त्या जागेवरून जातात. त्या वेळच्या सावल्या चित्रात छापल्यासारख्या राहतात, आपल्याकडे त्या डोंगरांच्या पश्चिम आणि वायव्य अंगाला पडलेल्या असतात. सिममध्ये संध्याकाळ केली की सिमचा सूर्य त्याच पश्चिम अंगावर उजेड टाकतो, आणि जमिनीच्या चित्रात मात्र तिथे काळपट डाग असतो. डोळ्याला काहीतरी बिनसल्याचं जाणवतं, नेमकं काय ते सांगता येत नाही. डोंगराळ प्रदेशात जागा निवडताना आधी सूर्य माथ्यावर ठेवून, म्हणजे सिमच्या स्वतःच्या सावल्या कमीत कमी करून, एक फेरी मारावी. जिथे जमिनीवर आधीच काळे डाग दिसतात त्या जागा सकाळसाठी ठेवाव्यात.

हवेबद्दल मला थोडं ठासून सांगायचं आहे. नव्या माणसाचा पहिला हट्ट असतो तो लांबपर्यंत स्वच्छ दिसण्याचा. खऱ्या आकाशात तसं क्वचित दिसतं. दूरचा डोंगर जवळच्यापेक्षा निळसर आणि फिका दिसतो, त्याच्यापुढचा आणखी फिका. हवेतले कण आणि रेणू उजेड विखुरतात म्हणून हे घडतं, आणि आपला डोळा अंतर ओळखतो ते बऱ्याच अंशी यावरूनच. हा फिकेपणा काढून टाकला की पंचवीस किलोमीटरवरचा डोंगर पंखाच्या टोकाला चिकटल्यासारखा दिसतो आणि सगळा देखावा खेळण्यातला वाटू लागतो. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये हवेतल्या धूलिकणांचं प्रमाण ठरवणारी पट्टी हवामानाच्या पानावर आहे, तिला बहुतेक जण हात लावत नाहीत. तिला हात लावा. हिवाळ्यातल्या सकाळी पुणे किंवा दिल्लीवरून उडणाऱ्या कुणालाही विचारा, तिथलं क्षितिज रेषेसारखं नसतं. तिथे एक मळकट पट्टा असतो, आणि वर गेल्यावर तो पट्टा खाली राहून एकदम निळं आकाश लागतं. तो पट्टा ओलांडतानाचा स्क्रीनशॉट मला निरभ्र आकाशातल्या कितीही विमानांपेक्षा मोलाचा वाटतो.

कॅमेऱ्याबद्दल एकच गोष्ट सांगायची झाली तर: मागे जा, आणि झूम करा. बाहेरून विमान पाहण्याचं जे दृश्य सिम आपोआप देतो, ते जवळून आणि रुंद कोनातून घेतलेलं असतं. त्यात कॅमेऱ्याकडचा पंख फुगतो, नाक लांबतं, शेपटी आक्रसते. विमानाच्या प्रमाणांची ज्याला सवय आहे त्याला ते विमान ओळखीचं वाटत नाही. दृष्टिकोनाची ही मोडतोड अंतरामुळे होते. भिंग फक्त चौकट ठरवतं. म्हणून ड्रोन कॅमेरा घेऊन विमानापासून दोन-तीनशे मीटर दूर जावं आणि मग झूम वाढवावा. पंख जागेवर येतात, आणि मागचा डोंगर विमानाच्या तुलनेत मोठा होऊन जवळ येतो. एका विमानातून दुसऱ्या विमानाचे फोटो काढणारेही सुरक्षेसाठी अंतर राखतात. आपल्याला त्या देखाव्याची सवय त्यांच्याच फोटोंनी लावली आहे, म्हणूनही तो खरा वाटतो.

ड्रोन वापरायचा तर विमान जागच्या जागी थांबवावं लागतं. त्यासाठी सक्रिय विराम वापरावा. त्यात विमान हवेत अडकून राहतं पण इंजिन चालू राहतं, पंखा फिरत राहतो. थांबलेला पंखा घेऊन हवेत लटकलेलं सेस्ना हा अगदी सहज टाळता येणारा दोष आहे. खऱ्या कॅमेऱ्यातही हाच प्रश्न असतो. शटर फार जलद ठेवलं तर फिरता पंखा गोठतो आणि इंजिन बंद पडल्यासारखं दिसतं, म्हणून हवाई छायाचित्रकार मुद्दाम संथ शटर वापरतात, सेकंदाचा सव्वाशेवा भाग किंवा त्याहून संथ.

आता विमानाची अवस्था. मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरणारं बोइंग ७३७ घेऊ. विमान घाटकोपरच्या वस्तीवरून पश्चिमेकडे तोंड करून खाली येत आहे. या क्षणी चाकं खाली, फ्लॅप तीस अंशांवर, लँडिंग लाइट चालू, नाक क्षितिजाच्या दोन-तीन अंश वर. हे सगळं असेल तर पाहणाऱ्याला आकडा माहीत नसला तरी विमान उतरतंय हे कळतं. फ्लॅप विसरले, तर ते विमान वस्तीवरून भरकटत चाललेलं दिसतं. नाक खाली झुकलेलं असेल तर अधिकच वाईट. बाहेरून पाहणाऱ्यांची समजूत असते की उतरताना विमान नाक खाली करतं, आणि पुष्कळ स्क्रीनशॉट त्या समजुतीवर बेतलेले असतात.

त्याच चौकटीत उजेडाचं गणित घाला. डिसेंबरात मुंबईत सूर्य पश्चिमेच्या पंचवीस अंश दक्षिणेला मावळतो. विमानाचं तोंड पश्चिमेला, म्हणजे मावळता सूर्य त्याच्या नाकाच्या डाव्या अंगाला. कॅमेरा मार्गाच्या दक्षिणेला ठेवला तर विमानाची डावी बाजू, खिडक्यांची सगळी रांग, सोन्यासारखी उजळते. उत्तरेला ठेवला तर काळी आकृती आणि तिच्या कडेने उजेडाची रेघ. दोन्ही चांगली चित्रं आहेत, पण कोणतं हवं ते आधी ठरवून कॅमेरा ठेवायचा. मे महिन्याच्या शेवटी सूर्य पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो आणि हे सगळं उलटं होतं. विमानतळाच्या धावपट्टीची दिशा आणि तारीख, एवढ्या दोन आकड्यांवरून सिम उघडण्याआधीच निम्मं चित्र डोळ्यांपुढे उभं करता येतं. याच कारणाने या पुस्तकात विमानतळांच्या प्रत्येक पानावर धावपट्टीची दिशा दिली आहे.

मुंबईसारख्या शहरावर फार खाली मात्र उतरू नये. इथल्या बऱ्याच इमारती उपग्रहचित्रावरून यंत्राने अंदाज बांधून उभ्या केलेल्या आहेत. पंधराशे फुटांवरून ते शहर मुंबईच वाटतं. दोनशे फुटांवरून तिथे राहणाऱ्या माणसाला आपली गल्ली सापडत नाही.

यंत्राच्या बाबतीत थोडक्यात. उडताना सेकंदाला तीस-चाळीस चौकटी लागतात, स्क्रीनशॉटला एकच पुरते. विमान थांबवलं की रेंडर स्केलिंग वाढवा, ढग आणि जमिनीचा तपशील शेवटच्या टोकाला न्या, चौकटी सेकंदाला पाचवर आल्या तरी चालेल. साध्या लॅपटॉपवर चांगलं चित्र निघतं ते या युक्तीने. ड्रोन हलवल्यावर लगेच बटण दाबू नका. जमिनीचं चित्र इंटरनेटवरून उतरायला वेळ लागतो, आधी धूसर आणि मग टप्प्याटप्प्याने स्पष्ट होतं. फाइल पीएनजी ठेवा. जेपीईजीच्या दाबाखाली संध्याकाळच्या आकाशात पट्टे उमटतात, आणि स्टीममधून काढलेला स्क्रीनशॉट आपोआप जेपीईजीच होतो, तेव्हा मूळ प्रत जपण्याचा पर्याय आधी चालू करा. विंडोजमध्ये एचडीआर चालू असताना काढलेली चित्रं दुसऱ्या पडद्यावर फिकी पडतात. शंका आली तर ते बंद करूनच काढा.

नंतरच्या रंगकामाचं प्रमाण फोडणीतल्या हिंगाएवढं असावं. रीशेडसारख्या साधनांनी एका क्लिकमध्ये आकाश गडद निळं आणि गवत हिरवंगार होतं, आणि तिथेच चित्र बिघडतं. धुकं हटवणारी पट्टी ओढली की आपण मुद्दाम आणलेली सगळी हवा निघून जाते. क्षितिज सरळ करणं, चौकट कापणं, सावलीतला तपशील थोडा वर आणणं, एवढं पुरतं. विमानाच्या नाकापुढे मोकळी जागा ठेवून कापावं, शेपटीमागे नाही.

एका गोष्टीत तडजोड नको. चित्र सिममधलं आहे हे सांगून टाकावं. विमान अपघाताची बातमी आली की सिममधली दृश्यं घटनास्थळाची म्हणून फिरू लागतात, आणि ज्यांचं माणूस त्या विमानात होतं त्यांच्याही फोनवर ती पोहोचतात. चित्र जितकं खऱ्यासारखं, तितकी ही जबाबदारी मोठी. कोपऱ्यात छोट्या अक्षरांत सिमचं नाव लिहिल्याने चित्राचं काहीही कमी होत नाही.

या छंदाला इतिहासाचंही एक अंग आहे, आणि मला ते मनापासून आवडतं. शिकागोचं मेग्ज फील्ड मार्च २००३ मधल्या एका रात्री बुलडोझर घालून उखडलं गेलं. हाँगकाँगचं काई टाक जुलै १९९८ मध्ये बंद झालं. ही विमानतळं आज सिममध्येच उतरण्याजोगी उरली आहेत. आपल्याकडचं मोलाचं उड्डाण म्हणजे १५ ऑक्टोबर १९३२ चं. जे. आर. डी. टाटा त्या दिवशी पुस मॉथ विमानातून टपाल घेऊन कराचीहून निघाले, अहमदाबादला थांबले आणि दुपारी जुहूला उतरले. १९८२ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी त्याच जातीच्या लेपर्ड मॉथमधून तो प्रवास पुन्हा केला.

हे उड्डाण सिममध्ये मांडायला घेतलं की एक अडचण येते. उतरण्याची वेळ दुपारची, म्हणजे उजेड कडक आणि वरून येणारा. पुस मॉथचे पंख केबिनच्या वर, त्यामुळे खिडक्या नेमक्या पंखांच्या सावलीत. संध्याकाळ केली तर चित्र लगेच सुंदर होईल. मी ती करणार नाही, कारण मग ते त्या दिवसाचं चित्र राहत नाही. दुपारच्या उजेडाकडेही देण्यासारखं काही असतं: समुद्राचा रंग, ओल्या वाळूची चकाकी आणि विमानाखाली जमिनीवर पडणारी त्याची स्वतःची स्पष्ट सावली. कॅमेरा विमानाच्या वर आणि थोडा बाजूला न्यावा, म्हणजे पंखांच्या वरच्या अंगावर ऊन येतं आणि खाली जुहूच्या किनाऱ्यालगत ती सावली वेगळी दिसते. आजच्या इमारती चौकटीबाहेर ठेवायच्या, म्हणून नजर समुद्राकडे.

पुढची प्रकरणं उजेड, हवा, कॅमेरा, विमान आणि यंत्र याच क्रमाने आहेत. ती वाचायला घेण्याआधी एक काम करून पाहावं. स्वतःच्या डोळ्यांनी चांगली पाहिलेली, आठवणीत पक्की बसलेली एक जागा निवडा. गावाकडचा डोंगर, खाडी, धरण, काहीही. एकच विमान घ्या, कॅमेरा एका जागी बसवा आणि हलवू नका. फक्त वेळ बदला, सूर्योदयापासून दर दहा मिनिटांनी एक स्क्रीनशॉट, पहिल्या दीड तासाचे. मग तारीख बदलून तेच जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. ही चित्रं शेजारी शेजारी ठेवून पाहा आणि त्यांतलं कोणतं आपल्या आठवणीतल्या जागेशी जुळतं ते लिहून ठेवा, कारणासकट. पहिलं प्रकरण त्या टिपणापासूनच सुरू होतं.